नासपतीच्या दांड्याचा झाडू

झाडू विकत घेण्यात काही वावगं आहे, असं मला आजही वाटत नाही. लोक मोटारी घेतात, होड्या घेतात, आमच्या ऑफिसातल्या एकाने तर डोंगरात एक गाढव घेऊन ठेवलं आहे आणि दर रविवारी तो त्याला भेटायला जातो. त्याला कोणी हसत नाही. मी झाडू घेतला. त्यावरून आमच्या इमारतीत सभा भरेल, सभेच्या विषयपत्रिकेवर माझं नाव येईल आणि खुद्द माझी बायको माझ्याविरुद्ध हात वर करेल, असं तेव्हा कोणी सांगितलं असतं, तर मी तो घेतला नसता, असं मात्र म्हणणार नाही. घेतलाच असता. तो झाडूच तसा होता.

झालं असं, की जुन्या ट्राम-डेपोत छोट्या कारागिरांचं प्रदर्शन भरलं होतं. माझ्या बायकोला, ट्राउडेला, तिथला साबण हवा होता आणि मला पिशवी धरायला नेलं होतं. निघतानाच तिने बजावलं, "साबण सोडून काही घ्यायचं नाही." मी म्हटलं, "मला कशाला काय लागतंय?" आणि ते खरंच होतं. मी गेबहार्ट रोमिंगर, विमा कंपनीत नुकसानभरपाईचे दावे तपासतो, म्हणजे बहुतेक नाकारतो. लोकांच्या घरातल्या वस्तू कशा फुटतात, वाकतात, गळतात, हे वाचण्यात माझं आयुष्य गेलं. वस्तू म्हणजे जी आज ना उद्या मोडणार ती, अशीच माझी समजूत होती.

आणि त्या डेपोत पाहावं तर काय. एक बोहेमियाचं जोडपं फक्त मिठाची भांडी करतं, दुसरं काहीच नाही. एक फ्लेमिश म्हातारा नुसत्या कात्र्या करतो, आणि त्यातली एक त्याने माझ्या हातात दिली तर ती आपोआप मिटली, कुरकूर नाही, खडखड नाही. एकाने दाराची मूठ केली होती. ती धरली की आत कोणीतरी आपली वाट बघत असेल असं वाटावं. मी पन्नाशी ओलांडलेला माणूस. घरी सगळ्या खोल्या सामानाने भरलेल्या, पण त्यातली एकही वस्तू कोणाच्या हातची आहे हे मला ठाऊक नाही. हे मी ट्राउडेला सांगायला वळलो, तर ती साबणांचा वास घेत होती. पुरुषाला काही उमगतं तेव्हा बायको नेमकी साबणाचा वास घेत असते.

झाडू अगदी शेवटच्या टेबलावर होता. एस्टोनियाच्या सारेमा बेटावरची हेली नावाची बाई आणि तिचा नवरा असे दोघंच ते करतात. दांडा नासपतीच्या लाकडाचा, मधाच्या रंगाचा. खाली घोड्याचे काळेभोर केस, एका लांबीचे. मी नुसतं बोट लावलं.

"झाडून दाखवा," हेली म्हणाली.

"मी?"

"झाडू तुम्हाला हवाय ना? मग तुम्हीच."

मी झाडलं. चार माणसं थांबून बघायला लागली. हेलीने मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं, माझ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "खांद्यातून झाडता. छान. पण आजवर आखूड झाडू वापरलात, म्हणून पाठ वाकली आहे. तुमच्या उंचीचा करून पाठवते."

आता मला सांगा, लग्नाला इतकी वर्षं झाली, ऑफिसात इतकी वर्षं झाली, माझ्या खांद्याबद्दल कोणी चकार शब्द काढला आहे? मी हेलीपुढे ताठ उभा राहिलो आणि तिने टेपने माझं माप घेतलं. लग्नाच्या सुटाचंही माप असं घेतलं नव्हतं. तो सूट भावाचा होता.

ट्राउडे आली तेव्हा किंमत ठरली होती. किंमत ऐकून तिने साबण माझ्या पिशवीत टाकले. मग म्हणाली, "झाडणारा माणूसही याच भावात येतो का?"

झाडू आला तो लांबच लांब खोक्यात, लोकरीच्या कापडात गुंडाळून. सोबत हेलीच्या अक्षरात एक चिठ्ठी: केसांवर उभा करू नये, टांगून ठेवावा. पाण्यात बुडवू नये. अधूनमधून दांड्याला जवसाचं तेल लावावं आणि केस विंचरावेत.

"केस विंचरावेत?" ट्राउडे म्हणाली. "तुझे उरलेत तेवढे आधी विंचर."

आमच्याकडे जिना झाडायला माणूस ठेवत नाहीत. ज्याच्या दारावर पाटी लागते त्याचा केराचा आठवडा. त्याने जिना, तळघर आणि समोरचा फुटपाथ झाडायचा आणि शनिवारी पाटी शेजारच्या दारावर लावायची. आमच्या श्टुटगार्टमध्ये माणसाची परीक्षा इथेच होते. तुमचं शिक्षण काय, पगार काय, ते नंतर. आणि आमच्या इमारतीत परीक्षक म्हणजे तळमजल्यावरच्या शॉयफेलेबाई. नवरा गेल्यापासून त्यांना दोनच कामं, एक बटाट्याचं सॅलड करणं आणि दुसरं जिना बघणं. सॅलड उत्तम करतात.

पाटी माझ्या दारावर आली. मी नवा झाडू घेऊन जिन्यात उतरलो आणि वरच्या पायरीवर थबकलो. पायरीवर ओली माती होती. ओझकानांच्या बुटांची. ओझकान म्हणजे वरच्या मजल्यावरचे गणिताचे मास्तर, ते सायकलने रानातून येतात. त्या मातीकडे पाहिलं, मग झाडूच्या केसांकडे पाहिलं. पहिल्या दिवशी शाळेत जाणाऱ्या मुलीला चिखलात ढकलावं तसं वाटलं. मी झाडू वरच्यावर, हवेतच म्हणा ना, फिरवत खाली आलो.

शॉयफेलेबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी कठड्याखालून एक बोट फिरवलं आणि ते माझ्यासमोर धरलं.

"रोमिंगर, हे काय आहे?"

"धूळ असावी."

"आणि हातात काय आहे?"

"झाडू. सारेमा बेटावरचा."

"बेटावर धूळ नसते वाटतं," त्या म्हणाल्या. "घोड्याचे केस दिवाणखान्याला. जिन्याला राठ झाडू लागतो, हे तुमच्या आईने सांगितलं नाही का?" आणि शनिवारी मी शेजारच्या दारावर लावलेली पाटी रविवारी पुन्हा माझ्याच दारावर आली. ती कोणी काढून लावली हे विचारायची आमच्याकडे पद्धत नाही.

अपमान झाला की माणूस दोन गोष्टी करू शकतो. एक म्हणजे सुधारणं. मी दुसरी केली. सकाळी सगळे उठायच्या आधी मी जुना प्लास्टिकचा झाडू कोटात लपवून बाहेर यायचो, जिना खसाखसा झाडायचो, केर भरायचो आणि तो झाडू आत टाकायचो. मग कॉफी पिऊन, दाढी करून, नासपतीचा झाडू घेऊन झोकात बाहेर यायचो आणि स्वच्छ जिन्यावर तो खांद्यातून फिरवायचो. शॉयफेलेबाई बोट फिरवायच्या, बोट स्वच्छ. "हं," म्हणायच्या. त्यांना संशय होता, पण पुरावा नव्हता.

एका सकाळी मी तळघराच्या पायरीवर प्लास्टिकचा झाडू घेऊन वाकलेला असताना समोर सायकल खांद्यावर घेतलेले ओझकान उभे. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

"शुभ प्रभात," मी म्हटलं.

"शुभ प्रभात. मी काही पाहिलं नाही," ओझकान म्हणाले. दोन पायऱ्या वर जाऊन थांबले. "पण त्या दुसऱ्या झाडूला बिचाऱ्याला काय वाटत असेल?"

हे वाक्य मला लागलं.

इथे मी थांबायला हवं होतं. पण झाडू टांगायला खुंटी लागते. नेहमीच्या दुकानातली पत्र्याची खुंटी त्याला शोभेना; राजवाड्याला पोस्टाच्या पेटीचं दार लावावं तसं दिसलं. मग उत्तर पोर्तुगालमध्ये एक लोहार सापडला, तो एकेक खुंटी ठोकून घडवतो. आणि झाडूबरोबर सुपली नको? ती डेन्मार्कच्या एका तांबटाकडून, तांब्याची, कडा अशी सरळ, की धूळ स्वतःहून चढावी. सुपली आल्यावर ती पुसायला कापड. ते आयर्लंडमधून. ट्राउडे एकदा सगळं टेबलावर मांडून बघत बसली.

"आपण या घरात राहायला आलो," ती म्हणाली, "तेव्हा आपल्याकडे एवढं सामान नव्हतं."

खुंटी झाडूपेक्षा जड निघाली. आमची मधली बोळकांडी अरुंद. तिथे झाडू टांगला तेव्हा ट्राउडेच्या कोटाची बाही त्यात अडकली आणि ती डॉक्टरकडे घोड्याचे केस अंगावर घेऊन गेली. परत आल्यावर तिने शांतपणे सांगितलं, "तो इथे राहणार नाही." तो म्हणजे कोण, हे तिने स्पष्ट केलं नाही. मी झाडू असं समजलो आणि तो बाहेर जिन्यात, आमच्या दाराशेजारी टांगायचं ठरवलं.

भिंतीला भोक पाडायचं तर दुपारच्या विश्रांतीत चालत नाही, संध्याकाळी चालत नाही, रविवारी तर पापच. एक शनिवार साधला. ओझकानांनी सल्ला दिला, "ती भिंत पोकळ असेल, जपून." समोरच्या एका शेजाऱ्याने सांगितलं, "ती भिंत भरीव आहे, जोर लावा." शॉयफेलेबाई म्हणाल्या, "लावूच नका." सल्ला तिघांनीही फुकट दिला होता, म्हणून मला मोह झाला तो जोर लावण्याच्या सल्ल्याचा. ड्रिल जरा अडलं, मग लोण्यात सुरी जावी तसं सरकन आत गेलं. मला फार समाधान वाटलं. भिंतीपलीकडून ट्राउडेचा आवाज आला. ती न्हाणीघरात टबात बसली होती.

"गेबहार्ट," ती म्हणाली, "तू आत आला आहेस."

टाइलची दुरुस्ती झाली. विमा आमच्याच कंपनीचा होता. दावा माझ्याच टेबलावर आला आणि तो मला नाकारावा लागला.

खुंटी बसली. झाडू टांगला. जिन्याच्या खिडकीतून सकाळचं ऊन त्या दांड्यावर पडायचं तेव्हा मी दार किंचित उघडं ठेवून बघायचो. असं आठवडाभर चाललं. मग इमारतीचे व्यवस्थापक ड्यूर आले. हा मनुष्य जन्मतःच टाय लावून आला असावा.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"झाडू."

"ते दिसतंय. पण हे साधन आहे की शोभा?"

"म्हणजे?"

"जिना हा आग लागल्यावर पळायचा मार्ग आहे. तिथे वस्तू ठेवता येत नाही. झाडण्याचं सामायिक साधन असेल तर ठेवता येतं. शोभेची वस्तू असेल तर सगळ्या मालकांची संमती लागते. मी विषय सभेत घेतो."

सभा तळघरातल्या कपडे वाळवायच्या खोलीत भरते, कारण तिथे भाडं नाही. दोरीवर कोणाचे तरी पायमोजे वाळत होते. आधी गटाराचा विषय झाला, मग छताचा, आणि छताचा विषय पुढे ढकलल्यावर सगळे ताजेतवाने होऊन माझ्याकडे वळले.

"हे साधन आहे," मी उभा राहून म्हणालो. "मी दर केराच्या आठवड्यात याने झाडतो."

"आणा बघू इकडे," शॉयफेलेबाई म्हणाल्या.

मी वर जाऊन झाडू घेऊन आलो. त्यांनी चष्मा लावला, झाडू उलटा केला, केसांतून बोटं फिरवली, वास घेतला. खोलीत कोणी हललं नाही. ओझकान पायमोज्यांकडे बघत होते.

"या झाडूने आजवर धूळ पाहिलेली नाही," शॉयफेलेबाई म्हणाल्या. "नवरी आहे ही अजून."

हसणारे हसले. विम्याचे दावे नाकारताना समोरच्या माणसाचं काय होत असेल हे मला त्या क्षणी प्रथमच कळलं. मी म्हणालो, "मी सकाळी आधी दुसऱ्या झाडूने झाडतो. मग याने." आणि हे बोलल्यावर ते किती वाईट ऐकू येतं ते माझं मलाच ऐकू आलं.

"म्हणजे शोभा," ड्यूर म्हणाले आणि कागदावर काहीतरी लिहायला लागले.

तेव्हा ओझकानांनी घसा साफ केला. "एक सुचवू का? झाडू सामायिक करा. पाटीबरोबर तोही दारोदार फिरेल. मग तो साधन होईल, नियमात बसेल, आणि रोमिंगरना खुंटी काढावी लागणार नाही."

माझा झाडू. माझ्या उंचीचा, माझ्या खांद्याचा. तो आता ओझकानांच्या चिखलात आणि समोरच्यांच्या मांजराच्या केसांत जाणार. मी मोठ्या आशेने ट्राउडेकडे पाहिलं. इतक्या वर्षांची सोबत आहे, ती काहीतरी बोलेल. ड्यूरनी विचारलं, "अनुकूल कोण?" आणि सगळ्यांत पहिला हात ट्राउडेचा वर गेला. तो सरळ वर गेला. खांद्यातून.

त्यानंतरचे आठवडे मी दारामागे काढले. कोण जिना झाडतंय हे मला आवाजावरून कळायला लागलं. समोरचा शेजारी झाडू पायरीवर आपटायचा. प्रत्येक आपट्याला मी दाराची मूठ घट्ट धरायचो. ओझकान शिट्टी वाजवत झाडायचे. शॉयफेलेबाईंचा आठवडा आला तेव्हा तर मी ऑफिसला उशिरा गेलो. झाडू त्यांच्या डोक्यापेक्षा उंच, त्यामुळे त्यांनी तो मधोमध धरला होता आणि वरचं टोक प्रत्येक वळणावर भिंतीला ठोकत होतं. त्या थांबून म्हणाल्या, "दारामागे कोणीतरी श्वास घेतंय." मी श्वास बंद केला.

फिरून झाडू घरी आला तेव्हा ओळखू येईना. केस एका बाजूला वाकलेले, मांजराचे पांढरे केस अडकलेले, एक च्युइंग गम, दांड्यावर भिंतीचा चुना. मी हेलीला फोन लावला. डॉक्टरला लावावा तसाच.

"केस वाकलेत," मी सांगितलं.

"वाकणारच," हेली म्हणाली. "गळतायत का?"

"नाही."

"मग काय अडचण आहे?"

मी खूप विचार केला. अडचण होती, पण ती सारेमापर्यंत समजावून सांगण्यासारखी नव्हती. मी तिला हवापाणी विचारलं आणि फोन ठेवला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून झाडू विंचरायला घेतला. च्युइंग गम बर्फाने काढलं. ट्राउडे समोर मसूर निवडत बसली होती. बराच वेळ ती बघत राहिली, मग उठली आणि कपाटातून तिचा स्वतःचा जुना कंगवा आणून माझ्यापुढे ठेवला. "याचे दात रुंद आहेत," म्हणाली. टाइल फुटल्यापासून माझ्याशी ती इतकं मऊ बोलली नव्हती. मी तो घेतला आणि विंचरत राहिलो. बोललो असतो तर बिघडवलं असतं.

मग माझा आठवडा. या खेपेला प्लास्टिकचा झाडू घरातच राहिला. वाचवण्यासारखं आता काही उरलंच नव्हतं, म्हणून मी वरच्या पायरीवरून सरळ झाडायला सुरुवात केली. ओझकानांच्या मातीत झाडू घातला. आणि काय सांगू, ती माती निमूट पुढे चालू लागली. कोपऱ्यात केस थोडे वळायचे, कोपरा पुसून परत सरळ व्हायचे. पाठ वाकवावी लागत नव्हती. तळघराच्या पायरीपर्यंत आलो तेव्हा मी काही विचार करत नाही आहे असं माझ्या लक्षात आलं, आणि लक्षात येताच अर्थात विचार सुरू झाला, की मी किती छान झाडतो आहे. तेवढी खोड माफ असावी. तांब्याच्या सुपलीत केर भरला. तो स्वतःहून चढला नाही, दोनदा ढकलावा लागला. त्या डॅनिश माणसाशी यावर मी कधीतरी बोलणार आहे.

शॉयफेलेबाई बाहेर आल्या. कठड्याखालून बोट फिरवलं. मग दुसऱ्या बाजूने फिरवलं. मग मोठ्या कष्टाने वाकून सगळ्यात खालच्या पायरीचा तो कोपरा बघितला, जिथे आजवर कोणाचाच झाडू पोचला नव्हता. माझ्याकडे पाहिलं. आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

मी वर आलो. ट्राउडे कांदा चिरत होती.

"काय म्हणाल्या?"

"काहीच नाही."

तिने सुरी खाली ठेवली. "काहीच नाही म्हणजे? धुळीबद्दल? नेहमीसारखं माझ्या पडद्यांबद्दल?"

"एक अक्षर नाही."

"तब्येत बरी आहे ना त्यांची?" असं म्हणून ती हात पुसतच खाली गेली. मी जिन्याच्या तोंडाशी उभा राहिलो, पण दोघी दबक्या आवाजात बोलत होत्या. बऱ्याच वेळाने ट्राउडे वर आली. हातात बटाट्याच्या सॅलडचा वाडगा होता.

"ठणठणीत आहेत," ती म्हणाली.

"मग काही बोलल्या का नाहीत?"

"मी तेच विचारलं. म्हणाल्या, काही बोलण्यासारखं नव्हतं."

मी खुर्चीत बसलो. "नेमकं काय म्हणाल्या?"

"काही बोलण्यासारखं नव्हतं."

"त्यांच्याच शब्दांत?"

"जेव आता," ट्राउडे म्हणाली, आणि सॅलड वाढता वाढता, न मागता, तिसऱ्यांदा ते वाक्य मला सांगितलं.